रक्तस्राव एका जागी, लेझर दुसऱ्याच जागी

‘पडद्यावर रक्तस्राव झालाय, लेझर करावं लागेल,’ असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात साहजिकच एक चित्र तयार होतं. आत कुठेतरी एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली असणार, डॉक्टर तिच्यावर नेम धरणार आणि लेझरने तिचं तोंड बंद करणार. प्रत्यक्षात मधुमेहामुळे होणाऱ्या रक्तस्रावात डॉक्टर त्या फुटलेल्या वाहिनीला सहसा हातच लावत नाहीत. लेझरचा किरण पडतो तो तिच्यापासून दूर, पडद्याच्या कडेच्या भागावर, जिथे रक्ताचा ठिपकाही नसतो. तिथे जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंदीचे बाराशे ते सोळाशे चटके दिले जातात. आणि मग काही आठवड्यांत, ज्यांना कुणी स्पर्शही केला नाही अशा त्या दूरच्या वाहिन्या सुकू लागतात.

वैद्यकाच्या इतिहासात याच्याइतकी चकित करणारी गोष्ट मला क्वचितच सापडली आहे. पाहण्यासाठी असलेल्या पडद्याचाच काही भाग जाणूनबुजून जाळायचा, आणि त्यामुळे नजर वाचायची! ज्यांनी हे पहिल्यांदा करून पाहिलं त्यांनाही ते का घडतं हे ठाऊक नव्हतं. उपाय आधी हाती आला. त्यामागचं कारण कळायला दहा-पंधरा वर्षं गेली, आणि त्यातला मुख्य रेणू ओळखायला पाव शतक.

आधी हे रक्त येतं कुठून ते पाहू. डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा. त्याच्या पुढची सगळी पोकळी काचेसारख्या पारदर्शक, दाट गराने भरलेली असते. त्याला व्हिट्रिअस म्हणतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्यातल्या सर्वांत बारीक केशवाहिन्या आधी पाझरू लागतात आणि नंतर बंद पडतात. ज्या भागाच्या केशवाहिन्या बंद पडल्या तो भाग लगेच मरत नाही. तो अर्धपोटी जगत राहतो आणि ऑक्सिजनसाठी हाका मारत राहतो. त्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या भलतीकडेच जातात. उपाशी भागात शिरून त्याला रक्त पुरवण्याऐवजी त्या पडद्याच्या पृष्ठभागावर येतात आणि व्हिट्रिअसच्या मागच्या बाजूला धरून पसरतात. त्यांच्या भिंती कच्च्या असतात. पुढे कधीतरी व्हिट्रिअस आकसतो, या वाहिन्यांना ओढ बसते आणि त्या फुटतात.

दुखत काहीच नाही. डोळा बाहेरून लालही होत नाही. नजरेपुढे एकाएकी काळे धागे, जळमटं तरंगायला लागतात; रक्त जास्त असेल तर लालसर काळा धूर पसरल्यासारखं होतं आणि समोरचं माणूसही दिसेनासं होतं. रात्री आडवं झालं की खाली बसलेलं रक्त पुन्हा पसरतं, म्हणून सकाळी उठल्यावर जास्त धूसर दिसतं, आणि म्हणूनच डॉक्टर उशा लावून, डोकं उंच ठेवून झोपायला सांगतात. या आजाराची खरी दहशत ही की रक्त उतरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत नजर अगदी स्वच्छ असू शकते. वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, आणि आत मात्र कच्च्या वाहिन्यांचं रान माजलेलं असतं.

१९५०च्या दशकात अशा रुग्णाला देण्यासारखं डॉक्टरांकडे जवळजवळ काही नव्हतं. किती नव्हतं, याची कल्पना त्या काळच्या एका उपायावरून येते. १९५३ मध्ये पोलसेन नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी एका मधुमेही स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर तिची पिट्यूटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली छोटीशी ग्रंथी, निकामी झाली होती. आणि त्यानंतर तिच्या पडद्यावरचा आजार ओसरत गेला होता. एवढ्या एका धाग्यावरून पुढे कितीतरी वर्षं मोठमोठ्या रुग्णालयांत डोळे वाचवण्यासाठी लोकांच्या पिट्यूटरी ग्रंथी काढून टाकल्या गेल्या किंवा नष्ट केल्या गेल्या. काहींची नजर त्यामुळे टिकलीही. पण शरीरातल्या बाकीच्या अनेक ग्रंथींना चालवणारी ग्रंथीच गेली की माणूस जन्मभर औषधांच्या आधाराने जगतो, आणि मधुमेह्याला त्यात जिवाचाही धोका असतो. आंधळं होण्याची भीती केवढी असेल, की माणसं यालाही तयार होत होती.

त्याच सुमारास अमेरिकेत बॉस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये विल्यम बीथम आणि लॉइड एम. आयेलो हे दोन नेत्रतज्ज्ञ मधुमेह्यांचे डोळे तपासत होते. हे क्लिनिक खास मधुमेहाचंच, त्यामुळे एकाच प्रकारचे डोळे सतत त्यांच्या नजरेखालून जात. पाहता पाहता एक विचित्र गोष्ट त्यांच्या लक्षात आली. काही रुग्णांचा एकच डोळा बिघडलेला असे. माणूस तोच, रक्त तेच, साखर तीच. एका डोळ्यात नव्या वाहिन्या माजलेल्या आणि दुसरा डोळा शांत. शांत राहिलेल्या डोळ्यांत वेगळं काय होतं? कुठे जुन्या आजाराने पडद्यावर उमटवलेले व्रण होते. कुठे मोठा मायनस नंबर होता आणि त्यामुळे पडदा ताणून विरविरीत झालेला होता. कुठे डोळ्याची नस सुकलेली होती. म्हणजे जो डोळा आधीच थोडा अधू झाला होता, तोच मधुमेहाच्या तडाख्यातून वाचत होता.

दुसऱ्या कुणी याला योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. या दोघांनी उलटा विचार केला: व्रण असलेला डोळा वाचत असेल, तर चांगल्या डोळ्यात आपणच व्रण पाडले तर? ऐकायला हा विचार क्रूर वाटतो. मला त्यात निरीक्षणावरचा एवढा विश्वास दिसतो की त्याच्यापुढे नमावंसं वाटतं. डोळ्यापुढे जे रोज दिसत होतं ते त्यांनी खरं मानलं, कारण सांगता येत नसतानाही.

व्रण पाडायचं साधन तोवर तयार झालं होतं, आणि त्याची सुरुवात एका सूर्यग्रहणापासून होते. ९ जुलै १९४५. युरोपातलं युद्ध संपून दोन महिने झाले होते. त्या दिवशी दिसलेलं ग्रहण एका वैद्यकीय विद्यार्थ्याने काहीही आड न धरता पाहिलं आणि त्याच्या पडद्याचा मध्यबिंदू भाजला. हँबर्गमधल्या गेर्ड मायर-श्विकेराथ या पंचविशीतल्या नेत्रतज्ज्ञाने तो व्रण पाहिला आणि त्याला ओळखीची खूण पटली. सुटलेला पडदा पुन्हा चिकटवण्यासाठी शल्यचिकित्सक त्या काळी डोळ्याला बाहेरून विजेच्या प्रवाहाने डाग देत, त्याचा व्रण असाच दिसे. विजेचा डाग द्यायला डोळ्याची बाहेरची बाजू उघडावी लागायची. सूर्याने तेच काम बाहुलीतून, एकही चिरा न देता केलं होतं.

मग या माणसाने खरोखरच सूर्याला कामाला लावलं. हँबर्गच्या नेत्रविभागात आरशांची अशी मांडणी त्याने केली की छपरावरचा सूर्यप्रकाश खाली रुग्णाच्या बाहुलीत उतरेल. १९४९ मध्ये या प्रकाशाने त्याने रुग्णांवर उपचार केले. कल्पना यशस्वी झाली, पण हँबर्गचं आकाश ढगाळ आणि सूर्य एका जागी न थांबणारा. शस्त्रक्रियेची वेळ आभाळावर सोडणं परवडणारं नव्हतं. त्याने कार्बनच्या ठिणगीचा प्रखर दिवा वापरून पाहिला, आणि शेवटी झाइस कंपनीच्या हान्स लिटमन यांच्यासोबत झेनॉन दिव्याचं यंत्र घडवलं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते यंत्र देशोदेशीच्या रुग्णालयांत पोचलं. झेनॉनचा प्रकाश पांढरा, सगळ्या रंगांचा. त्याचा चटका मोठा आणि खोल, आणि डोळ्यामागे भूल दिल्याशिवाय तो सोसवत नसे.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स कॅम्पबेल यांनी लेझरने एका रुग्णाच्या पडद्यावर उपचार केला. इतक्या नव्या साधनाला शरीरातली पहिली जागा मिळाली ती डोळ्यात, यात नवल नाही. आपल्या शरीरात बाहेरचा प्रकाश सरळ आतपर्यंत पोचावा म्हणून घडलेला दुसरा अवयव कुठे आहे? बुबुळ, भिंग, व्हिट्रिअस हे सगळं पारदर्शक. किरण त्यांच्यातून काहीही न दुखावता जातो. पडद्याचे पुढचे थरही त्याला वाट देतात. अडतो तो अगदी मागे, पडद्याच्या पाठीशी असलेल्या काळपट रंगाच्या एका थरात. प्रकाशाची उष्णता होते ती तिथे. डोळ्याला चीर न देता डोळ्याच्या तळाशी भाजता येतं, ते एवढ्याच कारणाने.

१९६७ पासून बीथम आणि आयेलो यांनी माणकाच्या लेझरने मधुमेह्यांच्या पडद्यावर विखरून व्रण पाडायला सुरुवात केली. वर्षभराने न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस लेस्पेरान्स यांनी आर्गॉन वायूचा निळा-हिरवा लेझर आणला. रक्तातला लाल रंग हा प्रकाश चांगला शोषतो, म्हणून फुटक्या वाहिन्यांवरच थेट नेम धरण्याचे प्रयत्नही झाले. पण विखुरलेल्या चटक्यांचीच सरशी झाली.

तरी शंका होतीच, आणि ती रास्त होती. आजार कधी कधी आपोआपही थांबतो. मग लेझरमुळेच थांबला हे कशावरून? १९७१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने १५ केंद्रांवर एक मोठा अभ्यास सुरू केला. १७००हून अधिक रुग्ण त्यात आले आणि प्रत्येकाचा एकच डोळा, चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडून, लेझरसाठी घेतला गेला. दुसरा तसाच ठेवला. तुलना एका माणसाची दुसऱ्याशी नव्हती. प्रत्येकाच्या उजव्या आणि डाव्या डोळ्यातच होती. बॉस्टनच्या त्या दोघांना जिथे कोडं दिसलं होतं, तीच जागा आता पुराव्याची झाली. दोन वर्षांनी उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी १६.३ टक्के डोळ्यांची नजर जवळजवळ गेली होती. लेझर केलेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के होतं. १९७६ मध्ये हे आकडे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी अभ्यासाचे नियम बदलून, मुद्दाम न शिवलेल्या डोळ्यांपैकी ज्यांना धोका जास्त होता त्यांनाही लेझर देण्याची मुभा देण्यात आली. आकड्यांच्या पुढे माणूस असतो हे त्या निर्णयात दिसतं.

पण कारण? ते सापडलं पडद्याच्या भुकेत. पडद्याला रक्त दोन बाजूंनी मिळतं. पुढच्या थरांना पडद्यातल्याच वाहिन्या पोसतात, ज्या मधुमेहात बंद पडतात. सगळ्यात मागचा थर प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा. त्याला पडद्यामागचं कोरॉइड नावाचं रक्ताने गच्च भरलेलं अस्तर पोसतं. या प्रकाशग्राही पेशी एका डोळ्यात बारा कोटींहून अधिक, आणि त्यांच्यासारख्या खादाड पेशी शरीरात कमीच. त्यातही नवल असं की त्या उजेडापेक्षा अंधारात जास्त ऑक्सिजन खातात. अंधारात त्यांच्या आवरणातली दारं उघडी राहतात, आत येणारे क्षार सतत बाहेर फेकावे लागतात. प्रकाश पडला की दारं मिटतात आणि काम हलकं होतं. दिवा मालवून आपण डोळे मिटतो तेव्हा पडद्याची खरी मेहनत सुरू होते.

शेतकरी दाट उगवलेल्या पिकाची विरळणी करतो ती काही रोपांवर राग म्हणून नाही. जमिनीतली ओल तेवढीच, ती उरलेल्यांना पुरावी म्हणून. लेझर पडद्यावर तेच करतो. काळपट थरात निर्माण झालेली उष्णता त्याला चिकटून असलेल्या प्रकाशग्राही पेशींना मारते आणि त्यांच्या जागी व्रण उरतो, ज्याची भूक अगदी थोडी. कोरॉइडमधला जो ऑक्सिजन या पेशी वाटेतच संपवत होत्या, तो आता व्रणांतून पुढे झिरपतो आणि अर्धपोटी राहिलेल्या पुढच्या थरांपर्यंत पोचतो. १९८०च्या आसपास आइसलँडचे आइनर स्टेफान्सन आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी प्राण्यांच्या डोळ्यांत हे प्रत्यक्ष मोजलं: लेझर केलेल्या पडद्यासमोर ऑक्सिजन जास्त होता. बॉस्टनच्या कोड्याचा उलगडा यातच आहे. व्रणांचा डोळा, ताणलेला पातळ डोळा, नस सुकलेला डोळा: या सगळ्यांची ऑक्सिजनची गरज मुळातच कमी होती.

पोट भरलं की हाका थांबतात. पण ती हाक म्हणजे नेमकं काय? आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच सुचवलं होतं की ऑक्सिजन कमी पडलेला पडदा काहीतरी पाझरवत असावा, आणि ते पाझरून दूरवर वाहिन्या उगवत असाव्यात. त्या पदार्थाचा शोध दशकानुदशकं चालला. १९८९ मध्ये नापोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं करून दाखवलं, आणि १९९४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात ते सापडलं: रक्तवाहिन्या माजलेल्या डोळ्यांत भरपूर, आणि लेझरचा गुण आलेल्या डोळ्यांत घसरलेलं. तो शोधनिबंध लिहिणारे मुख्य संशोधक होते लॉइड पॉल आयेलो. वडिलांनी ज्या उपायाला हात घातला होता, त्याचं कारण मुलाने डोळ्यातल्या थेंबात मोजलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

आज हे लेझर बाह्यरुग्ण विभागात होतं. बाहुली मोठी करणारे थेंब, मग बधिर करणारे थेंब. हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्यावर जेल लावलेलं एक भिंग ठेवलं जातं आणि हिरव्या उजेडाचे झोत सुरू होतात. पडद्याला स्वतःला वेदना कळत नाही. चमक येते ती त्याच्या मागून जाणाऱ्या नसांमुळे, आणि घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या दिशांना ती जास्त जाणवते, कारण लांब नसा तिथूनच जातात. उठल्यावर काही मिनिटं सगळं अंधारलेलं किंवा गुलाबी दिसतं. पूर्वी एकेक चटका सेकंदाच्या दहाव्या भागाचा असे. स्टॅनफर्डच्या डॅनियल पालांकर यांच्या गटाने बनवलेल्या यंत्रांनी तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका आणला आणि एका दाबात कितीतरी चटके ओळीने देता येऊ लागले. मधला पीतबिंदू, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो मात्र कटाक्षाने वगळलेला असतो.

किंमत पडते, आणि ती रुग्णाला आधी सांगितली गेलीच पाहिजे. अर्धा मिलिमीटरचे दीड हजार चटके म्हणजे साधारण ३०० चौरस मिलिमीटर. पडद्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. कडेची नजर थोडी आकसते. अंधारात डोळा सरावायला वेळ लागतो, रात्री गाडी चालवणं अवघड होऊ शकतं. गेलेली नजर लेझरने परत येत नाही, उरलेली टिकते. ‘लेझर केलं तरी फरक पडला नाही’ अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी लोकांना हे कुणी नीट समजावलेलंच नसतं. त्यांच्या बाबतीत फरक न पडणं हेच तर हवं होतं.

व्हिट्रिअसमध्ये रक्त गच्च भरलं असेल तर लेझरचा किरण पडद्यापर्यंत पोचूच शकत नाही. काही वेळा थांबून ते विरण्याची वाट पाहतात. नाहीतर व्हिट्रेक्टमी करतात, म्हणजे बारीक अवजारांनी तो रक्ताळलेला गरच काढून टाकतात. १९७० मध्ये मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी ही वाट उघडली. आता त्याच शस्त्रक्रियेत लेझरचा बारीक तंतू डोळ्यात नेऊन आतूनच चटके देतात.

व्हीईजीएफ ओळखू आल्यावर त्याला गाठून निकामी करणारी औषधं आली, आणि ती थेट डोळ्यात टोचता येतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं की दोन वर्षांनंतर अशा इंजेक्शनांनी राहणारी नजर लेझरपेक्षा कमी नसते, आणि कडेची नजरही जास्त वाचते. मग चटके देणं आता थांबवावं का? प्रश्न वाजवी आहे. पण इंजेक्शनचा असर काही आठवड्यांत ओसरतो, पुन्हा पुन्हा यावं लागतं. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांहून जास्त काळ तपासणीला न आलेल्या रुग्णांचे डोळे पाहिले. नुसती इंजेक्शनं घेतलेल्यांची अवस्था लेझर केलेल्यांपेक्षा वाईट होती. कितीतरी जणांचा पडदाच ओढला जाऊन सुटला होता.

आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अनेकांना पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि सोबतीला घरातलं कुणीतरी लागतं; बाहुली मोठी केलेल्या डोळ्यांनी एकट्याने परतता येत नाही. म्हणून उपचार ठरवताना जाणते डॉक्टर पडद्याच्या चित्राइतकंच लक्ष देऊन विचारतात: राहता कुठे, सोबत कोण आहे, पुढच्या महिन्यात याल ना? उत्तर डळमळीत आलं तर ते इंजेक्शनच्या भरवशावर न राहता कडेचं लेझर पूर्ण करून घेतात. रुग्ण पुन्हा आला नाही, तरी ते व्रण आपलं काम करत राहतात.